मागून घेतलेली आज्ञा

जयराम शिरसाठांनी पाहुण्यांसाठी बिटको चौकातून बालूशाही आणली होती. पाहुणे संगमनेरचे, लांबच्या नात्यातले. मुलगा एसटीत नुकताच चिकटलेला. जयराम स्वतः नाशिक रोडच्या प्रेसमध्ये कामाला होते, नेहरूनगरला क्वार्टर होतं आणि घराणं आजोबांपासून कॅथलिक. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली फिलोमिना ही त्यांची एकुलती एक. घरात तिला फिलू म्हणत. साल होतं १९९० आणि ती बारावी पास झाली होती.

पुडा टेबलावर ठेवला तशी फिलू म्हणाली, “बाबा, त्या लोकांना येऊ नका म्हणून कळवा.”

“का? मुलगा पसंत नाही?”

“मुलगा मी पाहिलाय कुठं. मला सिस्टर व्हायचंय.”

जयराम हसले. त्यांची बायको सगुणा शेजारीच परातीत कणीक मळत होती. ती हसली नाही. तिने मानही वर केली नाही.

“कुणी भरवलं डोक्यात? शाळेतल्या सिस्टरांनी?”

“त्यांनी उलट घाई करू नको म्हणून सांगितलं.”

“मग?”

“मीच किती दिवस टाळत होते बाबा. वाटलं, जाईल मनातून. जातच नाही.”

फादर प्रवचनात ज्याला देवाचं पाचारण म्हणायचे, ते हेच असावं. पण ते कसं आलं, कशावरून कळलं, हे काही तिला सांगता येईना. जयराम खोदून खोदून विचारत राहिले आणि ती “सांगता येत नाही” एवढंच म्हणत राहिली. शेवटी त्यांनी सगुणाकडे पाहिलं. एरवी पोरीला उन्हात पाठवायचं म्हटलं तरी कुरकुर करणारी बाई. आज तिने एक शब्द काढला नाही. जयरामना त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

वर्षभर बाप-लेक जेवढ्यास तेवढं बोलत होते. मग एक दिवस जयरामनी स्वतःच तिची बॅग रिक्षात ठेवली आणि तिला कॉन्व्हेंटमध्ये सोडून आले. तिथल्या मदर लिलियन मूळच्या मंगळूरच्या, पण महाराष्ट्रात केस पिकलेल्या. जयराम त्यांना एवढंच म्हणाले, “फार हट्टी आहे. सांभाळा.”

आणि खरं सांगायचं तर पुढची काही वर्षं बरी गेली. फिलू नर्सिंग शिकली. तिने व्रतं घेतली तेव्हा चर्चमधल्या मिस्सेला सगळे नातेवाईक आले. संगमनेरची मंडळीसुद्धा आली. सुट्टीत ती घरी यायची, आईच्या हातची वांग्याची भाजी चाटून-पुसून खायची, कॉलनीतल्या बायकांचं ब्लडप्रेशर तपासायची. जयरामना वाटू लागलं, काय वाईट झालं? सासरी गेलेल्या पोरी तरी वर्षातून कितीदा येतात?

सत्त्याण्णवमध्ये ती आली आणि म्हणाली, “मला कांगोला पाठवतायत.”

“कुठं?”

“आफ्रिकेत. तिथं आमचा दवाखाना आहे. नर्स कमी पडतायत.”

“तुला जायचंय?”

“विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं.”

“अगं, देव नाशिकात नाही का? सुरगाण्याला, पेठला माणसं आजारी पडत नाहीत?”

“पडतात ना बाबा. तिकडेही सिस्टर आहेतच आपल्या. कांगोला दुसरी कुणी गेली तर मी जाणार नाही. पण कुणी नाहीये.”

जयरामनी चौकातल्या दुकानातून जगाचा नकाशा आणून भिंतीवर लावला. नाशिकपासून कांगोपर्यंत वीत टाकली तर एका वितीत मावत होतं. तेवढाच त्यांना दिलासा वाटला.

वर्षभर तिची पत्रं येत राहिली. तिथली माती आपल्या सुरगाण्यासारखी लाल आहे. बाया पाठीला पोर बांधून मैलोन्‌मैल चालत येतात. दवाखान्यात हाताखाली नीमा नावाची मुलगी आहे, सतरा-अठरा वर्षांची, आणि तिला मी भाकरी थापायला शिकवतेय, पण तिच्या भाकरीचा नकाशाच होतो. सगुणा ती पत्रं शेजारणींना वाचून दाखवायची.

मग तिकडे लढाई सुरू झाली. पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या होत्या, त्या जयरामनी वाचल्याही नव्हत्या. एका रविवारी दुपारी मदर लिलियन आणि चर्चचे फादर दारात उभे राहिले. मदर आत येऊन बसल्या आणि सगुणाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “हत्यारं घेऊन माणसं आली होती. दवाखाना लुटला. आपल्या तीन सिस्टरना घेऊन गेली. सिस्टर फिलोमिना त्यात आहे.”

“कुठं नेलं?” जयरामनी विचारलं.

“जंगलात. पुढचं काही माहीत नाही.”

“जिवंत आहे?”

मदर खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “आम्ही तसं धरून चाललोय.”

त्यानंतर जयराम धावले. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. दसकला शेती असलेला गोरक्ष त्यांचा जुना दोस्त. भाजी घेऊन तो कॉलनीत यायचा, फिलूला त्याने खांद्यावर खेळवलं होतं. तो त्यांना आपल्या मोटारसायकलवर घालून एका पुढाऱ्याकडे घेऊन गेला. म्हणाला, “जयरामभाऊ, माझी वळख हाय. आपल्या शब्दाबाहेर नाय त्यो.”

पुढारी चांगला बोलला. चहा पाजला. दोन-तीन फोन लावले आणि शेवटी म्हणाला, “आखातात असती ना, तर माणसं आहेत आपली. कांगोत कुणीच नाही हो.”

दिल्लीला फोन लावला की “प्रयत्न सुरू आहेत” असं उत्तर यायचं. रोज तेच. बोलणारा माणूस बदलायचा. जयराम प्रेसमधून सुटले की सरळ एसटीडी बूथवर जायचे. बूथवाला त्यांना पाहिलं की आतल्या गिऱ्हाइकाला “आटपा” म्हणायचा. एकदा बूथवाल्याने न राहवून विचारलं, “काका, पण पोरीला एवढ्या लांब पाठवलंच कशाला?” जयराम बूथमधून बाहेर आले. फोन तसाच राहिला.

सगुणा मात्र कुठेच गेली नाही. शेजारणी म्हणाल्या, “चला, बाळ येशूच्या देवळात जाऊन मेणबत्ती लावू.” ती फाटकापर्यंत गेली आणि तिथूनच परतली. जयरामना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “एवढ्या वर्षांत एक गुरुवार चुकला नाही तुझा. आणि आता जात नाहीस?”

सगुणा ओट्याला टेकून उभी होती. म्हणाली, “कोणत्या तोंडानं मागू? मीच दिली होती तिला.”

“काय दिलं होतंस?”

“दीड वर्षाची असताना मेंदूत ताप गेला होता. तुम्ही डॉक्टरकडं बसला होतात. मी देवळात गेले आणि बोलले, वाचव, मग ती तुझीच. तुला हवी तेव्हा ने.” तिने ओट्यावरचं पाणी पुसलं. “मला वाटलं होतं, आईचं बोलणं देव मनावर घेत नसेल.”

“आणि हे तू मला आज सांगतेस?”

“ती सिस्टर होते म्हणाली त्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली माझी. काय सांगणार होते?”

जयरामना ओरडायचं होतं. पण समोर उभ्या बाईकडे पाहून त्यांना ओरडता आलं नाही. ते खाली बसले. तीही बसली. शेजारी कुणाच्या तरी घरी टीव्हीवर मॅच चालू होती आणि लोक टाळ्या पिटत होते. दोघं तिथेच बसून राहिली.

नाताळ गेला. त्या वर्षी त्यांनी घरावर चांदणी लावली नाही. फेब्रुवारीत मदर लिलियन पळतच आल्या. साठीची बाई, जिना चढून धापा टाकत होती. “सुटली!” एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

दोघी सुटल्या होत्या. तिसरी, म्हातारी बेल्जियन सिस्टर, जंगलात चालता चालता वारली होती.

फिलू घरी आली तेव्हा जयरामनी तिला पहिल्यांदा ओळखलंच नाही. हाडं वर आलेली, केस अगदी बारीक कापलेले. ती हसली, आईच्या गळ्यात पडली, सगळ्यांशी नीट बोलली. गोरक्ष टोपलंभर मेथी आणि वांगी घेऊन आला आणि म्हणाला, “खा बाई, खा. पार काटकी झाली तू.” तीही “खाते ना काका” म्हणाली. सगळ्यांना वाटलं, चला, संपलं.

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “आई, पाणी पिऊ?”

सगुणाला वाटलं, गंमत करतेय. “पी की.”

थोड्या वेळाने, “आई, बाथरूमला जाऊ?”

मग, “बाबा, इथं बसू?”

जयराम म्हणाले, “अगं, घर आहे हे तुझं. विचारतेस काय?” ती “हो, हो” म्हणाली आणि ओशाळली. संध्याकाळी पुन्हा दारात उभी. “आई, खिडकी उघडू?” सगुणाने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली.

असे काही महिने गेले. अंगावर जरा मांस आलं. विचारणं कमी झालं, पण गेलं नाही. मदर लिलियन म्हणाल्या होत्या, हवा तेवढा वेळ घे, बरी झालीस की सांग कुठे काम करायचं ते. जयरामनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. कॉन्व्हेंटच्या इथल्या दवाखान्यात बसेल. रविवारी जेवायला येईल.

एका दुपारी ते नकाशा काढून टाकत होते. चिकटपट्टी निघेना म्हणून नखाने खरवडत होते. फिलू मागून म्हणाली, “राहू दे बाबा. मला परत जायचंय.”

त्यांचा हात तिथेच थांबला. “कुठं?”

“कांगोला.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“मला जायचं नाहीये. भीती वाटते. नुसतं नाव घेतलं तरी हात गार पडतात, हे बघा.” तिने हात पुढे केला. तो खरंच गार होता. “पण राहवत पण नाही.”

आणि मग पहिल्यांदाच तिने सांगितलं. त्या लोकांनी तीन सिस्टरच नेल्या नव्हत्या. गावातल्या मुलीही नेल्या होत्या. नीमा त्यात होती. जंगलात चालताना नीमा तिचा हात सोडत नव्हती. सिस्टरांना सोडवायला बिशप मध्ये पडले, औषधं देऊन बोलणी झाली. “आमची नावं विचारणारं कुणीतरी होतं बाबा. त्या पोरींची नावं कुणी विचारलीच नाहीत. आम्हाला काढलं तेव्हा नीमानं विचारलं, तू येशील ना? मी हो म्हटलं.”

“वेळ तशी होती. तेव्हा माणूस काहीही बोलतो.”

“हो. पण ती वाट बघत असेल.”

“तू जाऊन काय करणार आहेस? तुझ्याकडं बंदूक आहे? फौज आहे?”

“काहीच नाही,” फिलू म्हणाली. “ते मला माहितीय.”

सगुणा आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही.

जयराम त्याच आठवड्यात मदर लिलियनकडे गेले. मदरच्या ऑफिसात भिंतीवर येशूच्या हृदयाचं चित्र होतं आणि खाली लाल दिवा. जयरामनी चपला दाराशी काढल्या. मदर “राहू द्या हो” म्हणत असताना त्यांनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

“तुमच्यात आज्ञेचं व्रत असतं ना? तुम्ही सांगाल ते तिला ऐकावं लागतं?”

“असतं.”

“मग तिला आज्ञा करा. इथंच राहा म्हणून.”

मदरनी त्यांना खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, “जयरामभाई, मलाही तिला पाठवायची भीती वाटते. तुम्ही आला नसता तरी मी कदाचित हेच केलं असतं. पण तुम्ही मागताय, म्हणून सांगते. आज्ञा दिली की ती पाळेल. तोंडातून शब्द काढणार नाही. ते बघायची तयारी ठेवा.”

“ठेवतो,” जयराम म्हणाले. त्यांना त्या वेळी कशाचीही तयारी ठेवता आली असती.

फिलूला नाशिकच्या दवाखान्यात नेमलं. तिने खरंच शब्द काढला नाही. पेशंट तिच्यावर खूश होते. रविवारी ती घरी जेवायला यायची. जयरामना जे हवं होतं ते सगळं जसंच्या तसं मिळालं होतं.

ती यायची, ताटावर बसायची, वाढलेलं संपवायची. वांगी असोत, काही असो, “छान झालंय” म्हणायची. जयराम प्रेसमधल्या गमती सांगायचे, ती जिथे हसायचं तिथे हसायची. आई काही काम सांगेल म्हणून बसून राहायची. सांगितलं की करायची, झालं की पुन्हा बसायची. एकदा जयरामनी म्हटलं, “तुला काय वाटतं, यंदा क्वार्टर सोडून जेल रोडला फ्लॅट बघावा का?” ती म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं.” ही तीच पोरगी होती, जिने पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवायला लावलं होतं.

ते कॉन्व्हेंटमध्ये गेले तर दुसऱ्या सिस्टर सांगायच्या, फार आज्ञाधारक आहे. जयरामना ते ऐकवेनासं झालं.

असं पहिलं वर्ष गेलं, दुसरंही गेलं. जयराम रिटायर झाले. दुसऱ्या वर्षीच्या नाताळात फिलू चर्चच्या कॉयरमध्ये उभी होती. जयराम पुढच्या बाकावर होते. सगळ्यांचे ओठ हलत होते, तिचेही हलत होते. पण ती लहान होती तेव्हापासूनचा तिचा आवाज त्यांच्या कानात बसलेला होता. त्यांनी कान देऊन ऐकलं. ती गात नव्हती.

घरी येताना ते सगुणाला म्हणाले, “मी काय करू?”

“मला काय विचारता?” सगुणा म्हणाली. “मी एकदा देऊन बसले. तुम्ही एकदा मागून घेतली. आता आपल्या हातात काय उरलंय?”

“म्हणजे पाठवायची?”

“मी पाठव म्हणणार नाही. मेले तरी म्हणणार नाही.” चालता चालता ती थांबली. “ठेव पण म्हणणार नाही. मला बघवत नाही.”

जयराम पुन्हा मदर लिलियनकडे गेले. ते लाल दिव्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, “ती आज्ञा मागं घ्या.”

“नक्की?”

“नक्की नाही,” जयराम म्हणाले. “पण घ्या.”

त्यांनी ठरवलं होतं की फिलूला सगळं सांगायचं. ती निरोप घ्यायला आली तेव्हा त्यांनी दोन-तीनदा घसा खाकरला. तीच म्हणाली, “बाबा, मला माहीत होतं. मदरनी आज्ञा देतानाच सांगितलं होतं.”

“मग रागावली नाहीस?”

“कुणावर रागावू? मला आतून बरंही वाटलं होतं ना. जायला लागणार नाही म्हणून. त्याचाच त्रास होत होता.”

२००२च्या उन्हाळ्यात ती गेली. मुंबईच्या विमानतळापर्यंत गोरक्षने ओळखीची जीप केली होती. घोटी गेली, कसारा घाट उतरला. काचेच्या दारापाशी तिने वाकून दोघांना नमस्कार केला. तिचे हात गार होते. सगुणाने ते हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळले, थंडीत लहान पोराचे चोळतात तसे. शिपाई “चला, चला” म्हणाला, तेव्हा सोडले.

जीपमध्ये परत बसल्यावर गोरक्षने विचारलं, “भाऊ, आपन तिला आडवलं असतं तर थांबली असती का वो?”

“थांबली असती,” जयराम म्हणाले.

पावसाळा संपता संपता तिचा फोन आला. आता जेल रोडच्या फ्लॅटमध्ये त्यांचा स्वतःचा फोन होता. आवाज लांबून, उशिरा पोचत होता. दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळत होती.

“बाबा, नीमा सापडली नाही.”

“काय?”

“नाही सापडली. तिच्या गावाला जाऊन आले. गावच राहिलं नाही. कुणी म्हणतं नदीपलीकडं नेली, कुणी म्हणतं गेली.”

जयरामनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मनात पटकन आलं ते त्यांनी बोलून टाकलं. “मग आता परत ये. तू गेलीस ना? शब्द पाळलास.”

पलीकडे खरखर होत राहिली. त्यांना वाटलं, फोन कट झाला.

“दुसऱ्या काही जणी सुटून आल्यात,” फिलू म्हणाली. “काहींच्या कडेवर पोरं आहेत. घरचे घेत नाहीत. त्या माझ्याकडं येऊन विचारतात, सिस्टर, पाणी पिऊ? इथं बसू?”

“तू काय सांगतेस?”

“बस म्हणते. दुसरं काय सांगणार? मला अजून दुसरं काही येत नाही. कधी कधी दोघी पण बसून राहतो.”

“लढाई आहे अजून?”

“आहे. आज इथं नाही.”

जयरामना पुष्कळ बोलायचं होतं. काळजी घे म्हणायचं होतं, पण कशी घेणार, हे त्यांना माहीत होतं. ये म्हणायचं होतं, ते म्हणून झालं होतं. त्यांनी विचारलं, “जेवलीस?”

“हो. तुम्ही?”

“आम्ही बसणारच होतो.”

सगुणा पदराला हात पुसत शेजारी येऊन उभी राहिली होती. त्यांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. लेक तिकडून “आई, आई” म्हणत होती, ते जयरामनाही ऐकू येत होतं. सगुणा नुसती “हं” म्हणाली. मग पुन्हा “हं.” मग लाइन गेली, आणि तरी ती बराच वेळ रिसीव्हर कानाला धरून उभी होती. जयरामनी तो तिच्या हातातून काढून घेतला नाही.